अशील आणि नायिका : शेरलॉक होम्सच्या रूपांतरांमधील स्त्री

१

शेरलॉक होम्स आणि स्त्री या विषयाची चर्चा बहुधा होम्सच्या मनापासून सुरू होते आणि त्याच्या मनापाशीच थांबते. तो स्त्रीद्वेष्टा होता काय, आयरीन ॲडलरवर त्याचे प्रेम होते काय, त्याच्या अलिप्ततेमागे कोणते दुखणे दडले होते, असे प्रश्न एका काल्पनिक पात्राला जिवंत माणूस मानून विचारले जातात. गेल्या सव्वाशे वर्षांतील नाटके, चित्रपट आणि दूरचित्रवाणी-मालिका यांनीही हेच प्रश्न आपापल्या परीने सोडविण्याचा प्रयत्न केला आहे. त्यातून एक सोयीस्कर इतिहासही तयार झाला आहे. आर्थर कॉनन डॉइल यांच्या मूळ कथांतील स्त्री व्हिक्टोरियन मर्यादांत जखडलेली होती आणि काळ बदलत गेला तसतशी रूपांतरांनी तिला अधिकाधिक अवकाश दिला, असे हा इतिहास सांगतो.

हा इतिहास तपासून पाहण्याजोगा आहे. होम्सला स्त्रियांविषयी काय वाटते हा प्रश्न बाजूस ठेवून, स्त्री होम्सकडे कोणत्या नात्याने येते आणि कथेतून कोणत्या मार्गाने बाहेर पडते, असा प्रश्न विचारला तर चित्र पुष्कळ वेगळे दिसू लागते. मूळ कथांमध्ये ती बहुतांशी अशील म्हणून येते. तिची तक्रार असते, ती तक्रार ती स्वतःच्या शब्दांत मांडते आणि ऐकून घेतले जाण्याचा तिचा हक्क कथेने गृहीत धरलेला असतो. रूपांतरांनी या अशिलाची क्रमाक्रमाने नायिका केली, खलनायिका केली, क्वचित होम्सच्या विरहाचे निमित्त केले. या स्थित्यंतरात स्त्रीचे दृश्य महत्त्व वाढले. तिचे संहितागत सामर्थ्यही त्याच प्रमाणात वाढले, असे मात्र म्हणता येत नाही.

२

डॉइल यांच्या चार कादंबऱ्या आणि छप्पन्न लघुकथा यांत स्त्रीविषयी होम्सच्या तोंडी आलेली विधाने एकत्र केली, तर त्यांतून उभी राहणारी प्रतिमा खचितच अनुदार आहे. १८९० च्या ‘द साइन ऑफ फोर’ या कादंबरीत तो प्रेमाला तर्कबुद्धीचा शत्रू ठरवितो, स्त्रियांवर पूर्ण विश्वास टाकू नये असे बजावतो आणि आपल्याला भेटलेली सर्वांत मोहक स्त्री विम्याच्या रकमेसाठी तीन लहान मुलांना विष घालून फासावर गेली, असा दाखला देतो. परंतु पात्राची उक्ती आणि संहितेची कृती या दोहोंत अंतर असू शकते, हे कथनमीमांसेचे प्राथमिक तत्त्व येथे विसरून चालणार नाही.

‘द स्ट्रँड मॅगझिन’मधून १८९१ व १८९२ या दोन वर्षांत आलेल्या पहिल्या बारा कथा या दृष्टीने पाहाव्यात. ‘अ केस ऑफ आयडेंटिटी’मधील मेरी सदरलंड ही टंकलेखनावर स्वतःचा खर्च भागविणारी मुलगी आहे. काकाने ठेवलेल्या अडीच हजार पौंडांच्या रोख्यांचे वार्षिक व्याज ती आईच्या आणि सावत्र बापाच्या संसाराला देते. ते व्याज हातचे जाऊ नये म्हणून सावत्र बापच वेषांतर करून तिचा प्रियकर बनतो आणि लग्नाच्या दिवशी नाहीसा होतो. ‘द स्पेकल्ड बँड’मधील डॉक्टर रॉयलॉटला सावत्र मुलींची लग्ने नको आहेत, कारण प्रत्येकीच्या लग्नानंतर तिला वर्षाला अडीचशे पौंड द्यावे लागणार आहेत. ‘द कॉपर बीचेस’मधील रुकासल आपल्या मुलीला खोलीत कोंडतो, कारण तिच्या पैशाचा विनियोग आपल्या हाती देणाऱ्या कागदावर ती सही करीत नाही.

तिन्ही कथांतील गुन्ह्याचे मूळ एकच आहे. स्त्रीच्या नावावर पैसा आहे आणि तिचा पालक म्हणविणाऱ्या पुरुषाला तो सोडवत नाही. विवाहित स्त्रीला स्वतःच्या मालमत्तेवर स्वतंत्र हक्क देणारा कायदा इंग्लंडमध्ये १८८२ साली झाला. त्यानंतरच्या दशकात या कथा लिहिल्या गेल्या. कायद्याने कागदावर दिलेले आणि घराने व्यवहारात नाकारलेले, या दोहोंमधल्या फटीत त्यांचे कथानक घडते. गुन्हेगार घराबाहेरून येत नाही. तो जेवणाच्या मेजावर अग्रस्थानी बसलेला असतो. म्हणूनच त्या घरातील स्त्रीला घराबाहेरच्या, तिच्यावर कोणताही कौटुंबिक हक्क नसलेल्या पुरुषाकडे जावे लागते. होम्सची अलिप्तता या ठिकाणी कथानकाची गरज बनते. तो तिचा बाप नाही, भाऊ नाही, वर होऊ पाहणाराही नाही. त्याला तिच्याकडून काही नको आहे आणि म्हणूनच त्याच्यापुढे ती बोलू शकते.

हे बोलणे कथेत किती जागा व्यापते, हेही पाहण्यासारखे आहे. हेलन स्टोनर किंवा घरशिक्षिका व्हायोलेट हंटर जे निवेदन करतात ते कथेचा मोठा भाग व्यापते. वॉटसन हा कथेचा निवेदक असला तरी तेवढ्या काळापुरता तो आपला अधिकार अशिलाच्या स्वाधीन करतो. व्हायोलेट हंटरने तर तपासाचा निम्मा भाग स्वतःच उरकलेला असतो. होम्स तिच्या निरीक्षणशक्तीची वाखाणणी करतो. प्रकरण संपल्यावर त्याने तिच्यात अधिक रस घेतला नाही याची खंत वाटते ती वॉटसनला. ही खंत पुढच्या सर्व रूपांतरांचे बीज ठरली, असे म्हणता येईल. तक्रार निवारण झाल्यावर स्त्री आपल्या वाटेने निघून जाते आणि व्हायोलेट हंटर तर पुढे एका शाळेची प्रमुख होते, हा शेवट वॉटसनला अपुरा वाटतो. नाटककारांना आणि चित्रपटकारांनाही तो तसाच वाटत आला आहे.

अर्थात या व्यवस्थेला मर्यादा आहेत आणि त्या झाकण्याचे कारण नाही. मेरी सदरलंडला होम्स सत्य सांगत नाही. तिचा त्यावर विश्वास बसणार नाही असे तो परस्पर ठरवून टाकतो. येथे अशिलाचा जाणून घेण्याचा हक्क नाकारला जातो आणि पालकाच्या फसवणुकीवर तारणहाराचे मौन येऊन बसते. ‘चार्ल्स ऑगस्टस मिल्व्हर्टन’ (१९०४) या कथेत माहिती काढण्यासाठी होम्स प्लंबरच्या वेषात ॲगाथा नावाच्या मोलकरणीशी वाङ्‌निश्चय करतो. ती अशील नाही, म्हणून तिला आवाजही नाही. कथेत ती एकदाही समोर येत नाही. म्हणजे स्त्रीला मिळणारी प्रतिष्ठा ही तक्रार घेऊन दार ठोठावण्याच्या क्षमतेशी आणि त्यामागील वर्गस्थानाशी बांधलेली होती. मात्र त्याच कथेत, आपले आयुष्य उद्ध्वस्त करणाऱ्या खंडणीखोराला गोळी घालणाऱ्या अनाम स्त्रीला होम्स कायद्याच्या हवाली करीत नाही, हेही नोंदवावयास हवे.

३

या पार्श्वभूमीवर जुलै १८९१ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘अ स्कँडल इन बोहिमिया’ ही कथा वाचली की तिचे वेगळेपण कळते. येथे अशील पुरुष आहे, तोही राजा. आणि स्त्री ही प्रतिपक्ष आहे. न्यू जर्सीत जन्मलेली, वॉर्सा येथील ऑपेरात प्रमुख गायिका राहिलेली आयरीन ॲडलर हिच्याजवळ राजाचे तिच्यासोबतचे छायाचित्र आहे आणि विवाह ठरलेल्या राजाला ते परत हवे आहे. त्याने पाठविलेल्या माणसांनी तिचे घर फोडून, सामान पळवून, वाटेत तिला गाठून झालेले आहे. मागील कथांत जे पालक करतात तेच येथे राजा करतो आणि होम्स या वेळी त्याच्या बाजूने उभा आहे.

होम्सचा डाव एका सामान्य नियमावर आधारलेला आहे : आग लागली की स्त्री आपल्या सर्वांत मोलाच्या वस्तूकडे धाव घेते. धूर होतो, आरोळी उठते आणि आयरीन खरोखरच त्या गुप्त कप्प्याकडे वळते. नियम चुकलेला नाही. होम्सचे गणित चुकते ते अन्यत्र. ज्या स्त्रीचे आपण निरीक्षण करीत आहोत तीही आपले निरीक्षण करीत असेल, ही शक्यता त्याने हिशेबात धरलेली नाही. तिला क्षणात उमगते, ती पुरुषवेष करून त्याच्या दारापर्यंत त्याचा पाठलाग करते, त्याला नावाने शुभरात्री म्हणून निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी पतीसह देश सोडते. मागे राहते ते तिचे पत्र. छायाचित्र ती स्वतःच्या संरक्षणासाठी जवळ ठेवते. होम्स राजाने पुढे केलेला हात हाती घेत नाही आणि मोबदला म्हणून तिचे दुसरे छायाचित्र मागून घेतो. खरी अन्यायग्रस्त कोण, हे त्याला उशिरा कळलेले आहे. आयरीनच्या विजयाचे मर्म तिने होम्सला हरविण्यात जेवढे आहे, त्याहून अधिक तिने स्वतःच्या इच्छेने, स्वतःच्या कागदपत्रांसह आणि स्वतःच्या शब्दांत कथेतून बाहेर पडण्यात आहे. होम्सच्या मनात तिच्याविषयी प्रेमासारखी भावना नव्हती, हे वॉटसनने आरंभीच स्पष्ट केलेले आहे.

या कथेचा मराठी अनुवाद करू जाता एक उद्बोधक अडचण उभी राहते. भालबा केळकर यांच्यासारख्या लेखकांनी होम्सला मराठी वाचकांच्या घरात आणले, परंतु होम्स आयरीनचा जो एकमेव उल्लेख करतो, त्यातील इंग्रजी निश्चयवाचक उपपदाला मराठीत प्रतिशब्द नाही. ‘ती स्त्री’ म्हटले तर अंगुलिनिर्देश होतो, अद्वितीयता नव्हे. शिवाय रात्रीच्या रस्त्यावरून शुभरात्री म्हणत जाणारी व्यक्ती इंग्रजी क्रियापदात लिंग लपवू शकते. मराठीत ‘म्हणाला’ की ‘म्हणाली’ हे अनुवादकाला तत्क्षणी ठरवावे लागते आणि ‘म्हणाला’ लिहिले तर व्याकरणच तिच्या वेषांतरात सामील होते. त्याहून सूक्ष्म प्रश्न आदरार्थी रूपांचा आहे. राजा तिचा उल्लेख एकेरीत करील, यात शंका नाही. होम्सने ‘ती’वरून ‘त्या’वर नेमके केव्हा यावयाचे? इंग्रजी संहिता जे परिवर्तन मौनात ठेवते ते मराठीला क्रियापदागणिक जाहीर करावे लागते. रूपांतर म्हणजे स्त्रीशी असलेल्या नात्याविषयी घ्यावा लागणारा निर्णय, ही गोष्ट माध्यम बदलण्याआधी भाषा बदलतानाच अशी समोर येते.

४

रंगभूमीने हा निर्णय लवकरच घेतला. अमेरिकन नट विल्यम जिलेट याचे ‘शेरलॉक होम्स’ हे नाटक १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर आले. होम्सचे लग्न लावले तर चालेल काय, अशी विचारणा जिलेटने केली आणि डॉइल यांनी त्याला पूर्ण मोकळीक दिली, ही हकीकत प्रसिद्ध आहे. नाटकातील ॲलिस फॉकनर ही उघडच आयरीनच्या जागी आलेली आहे. तिच्याजवळही एका राजपुत्राची पत्रे आहेत, ती मिळविण्यासाठी होम्स आगीचीच युक्ती योजतो. फरक शेवटात आहे. ॲलिस ती पत्रे आपण होऊन देऊन टाकते आणि होम्सच्या मिठीत पडदा पडतो. ज्या पुराव्याच्या बळावर मूळ कथेतील स्त्री सुरक्षित राहते, तो पुरावा येथे प्रेमाची खूण म्हणून तिच्या हातून सुटतो. ॲलिस आपल्या मृत बहिणीवरील अन्यायाचा सूड घेऊ पाहत होती; नायिका होताच तिची ती तक्रार विरून जाते. या नाटकावरून १९१६ मध्ये निघालेला मूकपट दीर्घकाळ हरवला होता आणि २०१४ मध्ये फ्रान्सच्या चित्रपट-संग्रहालयात सापडला. तो पाहताना पुढील शतकाचा आराखडाच हाती आल्यासारखे वाटते.

बॅसिल रॅथबोन याच्या १९३९ ते १९४६ या काळातील चौदा चित्रपटांनी दुसरी वाट धरली. होम्सला प्रेम करता येत नसेल तर स्त्रीला त्याच्या तोडीची शत्रू करावे, असा हा मार्ग होता. मालिकेतील अखेरच्या ‘ड्रेस्ड टू किल’ या चित्रपटातील हिल्डा कोर्टनी ही ‘स्ट्रँड’मधील बोहिमियाची कथा वाचलेली आहे आणि धुराची तीच युक्ती ती बेकर स्ट्रीटवर वॉटसनवर उलटविते. आंतरसंहितात्मकतेचे याहून चतुर उदाहरण त्या काळच्या व्यावसायिक चित्रपटांत क्वचितच मिळेल. येथे स्त्री वाचक झाली आहे. पण वाचनाने सामर्थ्य मिळविणाऱ्या स्त्रीला चित्रपटाने शेवटी पोलिसांच्या हवाली करावयाचे ठरविले आहे.

होम्सच्या भक्तमंडळींचे वर्तनही याच काळात पाहावे. १९३४ मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या ‘बेकर स्ट्रीट इर्रेग्युलर्स’ या मंडळाच्या भोजनप्रसंगी ‘त्या स्त्री’च्या नावे चषक उंचावला जाई, प्रत्यक्ष स्त्रियांना या मंडळाचे सदस्यत्व नियमितपणे मिळू लागले ते १९९१ मध्ये. अद्वितीय म्हणून एकीला मखरात बसविणे आणि इतरांना दाराबाहेर ठेवणे, या दोन गोष्टी परस्परविरोधी नसून पूरक असतात.

बिली वाइल्डर याचा १९७० चा ‘द प्रायव्हेट लाइफ ऑफ शेरलॉक होम्स’ हा या परंपरेतील सर्वांत विचारपूर्वक केलेला चित्रपट होय. थेम्समधून वाचवून आणलेली गॅब्रिएल व्हालादों आपल्या हरवलेल्या पतीचा शोध घेण्याची विनंती करते. म्हणजे ती अशील म्हणूनच येते. ती वस्तुतः जर्मन हेर आहे, हे पुढे उघड होते आणि काही काळाने जपानमध्ये तिला गोळ्या घालण्यात आल्याची बातमी होम्सला पत्राने कळते. वाइल्डरने होम्सच्या पुरुषी आत्मविश्वासाची केलेली चिकित्सा मार्मिक आहे. तथापि या चित्रपटात अशील असणे हेच सोंग ठरते. स्त्रीची तक्रार खोटी, तिचे होम्सवरील प्रेम तेवढे खरे, अशी ही मांडणी आहे आणि तिच्या मृत्यूचे प्रयोजन होम्सचे दुःख दाखविणे हे आहे.

५

दूरचित्रवाणीने दोन्ही शक्यता आजमावून पाहिल्या. ग्रॅनडा कंपनीची जेरेमी ब्रेट याच्या भूमिकेने गाजलेली मालिका एप्रिल १९८४ मध्ये बोहिमियाच्याच कथेने सुरू झाली. तिने अशिलांची दीर्घ निवेदने शक्यतो राखली आणि निवेदन ऐकणाऱ्या होम्सचा चेहरा पडद्यावर आणला. ऐकणे हीही एक कृती आहे, हे ब्रेटच्या अभिनयातून दिसते. याच मालिकेने १९९२ मध्ये मिल्व्हर्टनच्या कथेला चित्रपटाची लांबी देताना ॲगाथाला चेहरा आणि आवाज दिला. मूळ संहितेने गाळलेली स्त्री रूपांतराने भरून काढली आणि होम्सच्या युक्तीची किंमत कोण मोजते हे दाखविले, याचे हे दुर्मीळ उदाहरण आहे.

बीबीसीच्या ‘शेरलॉक’ मालिकेतील ‘अ स्कँडल इन बेलग्रेव्हिया’ हा भाग १ जानेवारी २०१२ रोजी प्रक्षेपित झाला. आयरीन येथे सत्तावंतांची गुपिते बाळगणारी, लैंगिक सत्तेचा व्यवसाय करणारी स्त्री आहे आणि छायाचित्राची जागा भ्रमणध्वनीने घेतली आहे. वरवर पाहता ही आयरीन १८९१ च्या आयरीनहून कितीतरी मुक्त आहे. परंतु होम्स तिची नाडी पाहून तिचे त्याच्यावरील प्रेम ताडतो, त्यावरून भ्रमणध्वनीचा संकेतशब्द ओळखतो आणि तिचे संरक्षण हिरावून घेतो. शेवटी कराचीत तिचा शिरच्छेद होण्याच्या क्षणी तोच तिला वाचवितो. एकशेवीस वर्षांपूर्वी आपल्या पायांनी निघून गेलेली स्त्री येथे गुडघ्यांवर बसलेली आहे. गाय रिची याच्या २००९ च्या चित्रपटात ती मोरिआर्टीच्या दबावाखाली काम करते आणि २०११ च्या दुसऱ्या चित्रपटाच्या आरंभीच मारली जाते. या सर्वांत तिचे पत्र कोठेच नाही.

२०१२ ते २०१९ या काळात चाललेल्या ‘एलिमेंटरी’ या अमेरिकन मालिकेचा मार्ग निराळा आहे. तेथे आयरीन ही मोरिआर्टीच निघते, म्हणजे प्रेयसी आणि शत्रू या दोन जुन्या भूमिका एकाच देहात एकवटतात. परंतु या मालिकेने वॉटसनला स्त्री केले आणि जोन वॉटसन व होम्स यांच्यातील नाते प्रणयाकडे वळू दिले नाही. मोरिआर्टीला सापळ्यात पकडण्याची किल्ली जोनला सापडते, होम्सला नव्हे. अन्य रूपांतरांनी स्त्रीला होम्सच्या भावविश्वात जागा देऊ केली. या मालिकेने तिला त्याच्या धंद्यात जागा दिली.

६

हा प्रश्न एकदा न्यायालयाच्या दारातही गेला, हे विलक्षण आहे. होम्सच्या धाकट्या बहिणीची कल्पना करणाऱ्या नॅन्सी स्प्रिंगर यांच्या कादंबऱ्यांवरील ‘एनोला होम्स’ या चित्रपटासंबंधी डॉइल यांच्या वारसांच्या संस्थेने २०२० मध्ये अमेरिकेत दावा दाखल केला. होम्स भावनाशील झाला, स्त्रियांचा आदर करू लागला, तो १९२३ ते १९२७ मधील अखेरच्या कथांत आणि त्या कथांवरील स्वामित्वहक्क अद्याप आपल्याकडे आहे, असा त्या दाव्याचा एक आधार होता. डिसेंबर २०२० मध्ये दावा निकालात निघाला आणि १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत या सर्वच कथा स्वामित्वमुक्त झाल्या. परंतु दाव्याच्या मुळाशी असलेले वाङ्मयीन गृहीतक तपासले जाणे अगत्याचे आहे. स्त्रीविषयीचा आदर ही होम्सच्या स्वभावात उत्तरकाळी पडलेली भर आहे, असे मानले तरच तो आदर कोणाच्या तरी मालकीचा होऊ शकतो. व्हायोलेट हंटर १८९२ मध्ये बेकर स्ट्रीटच्या जिन्यावरून वर आली होती, हे लक्षात घेतले की ते गृहीतक टिकत नाही. तो आदर स्वभावाचा भाग नव्हता, म्हणून स्वभावविकासाचाही नव्हता. अशिलाचे म्हणणे पूर्ण ऐकून घेणे आणि ते खरे असू शकते असे मानून चालणे, या पद्धतीत तो वसत होता.

याच चित्रपटाच्या २०२२ च्या उत्तरभागात एक लक्षणीय गोष्ट घडते. काड्यापेटीच्या कारखान्यात काम करणारी एक गरीब मुलगी आपल्या हरवलेल्या बहिणीचा शोध घेण्यासाठी एनोलाकडे येते आणि कथानक लंडनमधील कामगार मुलींच्या १८८८ च्या ऐतिहासिक संपाला जाऊन मिळते. चित्रपट म्हणून त्याच्या मर्यादा कितीही असल्या, तरी जिलेटच्या नाटकापासून मागे पडत गेलेली स्त्री त्यात पुन्हा दारात उभी आहे आणि ती मूळ कथांतील अशिलांहून खालच्या वर्गातून आलेली आहे. ॲगाथाला जे दार कधी उघडले नव्हते ते तिच्यासाठी उघडते.

रूपांतरांची प्रगती मोजताना नायिकेला किती प्रसंग मिळाले आणि तिच्या हाती किती शस्त्रे दिली, याची मोजदाद अपुरी पडते. तिला स्वतःची हकीकत अखंड सांगता येते काय, तिचा पुरावा तिच्याजवळ राहतो काय आणि काम झाल्यावर होम्सच्या मनाची पर्वा न करता तिला निघून जाता येते काय, हे तीन प्रश्न अधिक कठोर आहेत. १८९१ मधील आयरीन ॲडलर या तिन्ही कसोट्यांना उतरते. तिच्या नावाने पुढे निर्माण झालेल्या बहुतेक स्त्रिया उतरत नाहीत.